अंगणवाडीचे 12 लाख आणि तीन खिसे

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या गावांत अंगणवाडीला मुलं कमी पडत नाहीत, जागा कमी पडते. गाळप हंगाम सुरू झाला की ऊसतोड टोळ्यांबरोबर तीन ते सहा वर्षांची मुलंही गावात येतात, आणि शाळेनं दिलेल्या 12 बाय 15 फुटांच्या खोलीत पटावरची तीस आधीच बसलेली असतात. त्याच खोलीत वजनकाटा, टीएचआरची (घरी न्यायच्या कोरड्या पोषण आहाराची) पोती आणि गॅसची शेगडी. मग ग्रामसभेत ठराव होतो, 'अंगणवाडीस स्वतंत्र इमारत मिळावी'. असा ठराव कुठल्याही ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात सापडेल. तो पुढं का सरकत नाही आणि सरकला तर कुठं अडतो, हे आमच्या ग्रामपंचायतीच्या 2024-25 मधल्या कामावरून लिहितोय. दर आणि नियम सगळे त्या वर्षाचे.

आधी पैशाचं. केंद्राच्या सक्षम अंगणवाडी व पोषण 2.0 योजनेखाली मनरेगाच्या (रोजगार हमीच्या) अभिसरणातून, म्हणजे दोन्हींचा पैसा जोडून, एका इमारतीला 12 लाख रुपये धरतात. पूर्वी हा आकडा 7 लाख होता. 12 पैकी 8 लाख मनरेगाचे, 2 लाख 15व्या वित्त आयोगाचे किंवा दुसऱ्या अबंधित (ठराविक कामाचं बंधन नसलेल्या) निधीचे, आणि 2 लाख महिला व बालविकासचे. या शेवटच्या 2 लाखांत केंद्राचे 60 टक्के, राज्याचे 40, म्हणजे 1 लाख 20 हजार आणि 80 हजार. बेरीज सरळ दिसते. पण हे तीन खिसे तीन वेगवेगळ्या साहेबांचे आहेत आणि एकाच वेळी कधी उघडत नाहीत. मनरेगाचा पैसा झालेल्या कामाच्या मोजमापावर निघतो. वित्त आयोगाचा गावाच्या खात्यावर पडलेला असतो, पण काम आराखड्यात नसेल तर त्याला हात लावता येत नाही. बालविकासचा जिल्हा परिषदेकडे तरतूद आली की येतो, बहुतेक वेळा वर्षअखेरीला. अर्धवट उभ्या असलेल्या ज्या इमारती आम्ही बघितल्या, तिथं एकूण रक्कम पुरेशी होती. जो पैसा लगेच हातात येतो तो आधी उडवला आणि स्लॅबच्या वेळी वाट बघत बसायची पाळी आली. कुठलं काम कुठल्या पैशातून, हे पहिला खड्डा खणायच्या आधी कागदावर पाहिजे.

मागणी काय करायची यातही घोळ होतो. ग्रामीण भागात 400 ते 800 लोकसंख्येला एक अंगणवाडी, 800 ते 1600 ला दोन, असा निकष आहे. त्यामुळे वस्ती वाढली की लोक 'आणखी एक अंगणवाडी' मागतात. नवीन केंद्र म्हणजे सेविका आणि मदतनीस यांची नवी पदं, म्हणजे मंत्रालयातली मंजुरी. ती कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. मंजूर केंद्राला मोठी स्वतंत्र इमारत मागणं हा जवळचा रस्ता. आम्ही इमारतच मागितली, आणि दुसऱ्या केंद्राचा ठराव वेगळा घेऊन ठेवला. दोन्ही एकाच ठरावात घातले की फाइल दोन टेबलांच्या मधे लोंबकळते.

गरज सिद्ध होते ती पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाड्यांच्या नोंदींच्या सरकारी ॲपवर. प्रत्येक केंद्राला 11 अंकी संकेतांक असतो आणि त्यावर केंद्र स्वतःच्या इमारतीत आहे, भाड्याच्या जागेत आहे की शाळेत, हे नोंदलेलं असतं. इथं बऱ्याच गावांचा खेळ आधीच संपलेला असतो, कारण वीस वर्षांपूर्वीची पडकी खोली अजून 'स्वतःची इमारत' म्हणून नोंदलेली असते. सेविकाताईंना सांगून मुख्यसेविकेमार्फत (पर्यवेक्षिकेमार्फत) ही नोंद आधी दुरुस्त करून घ्या. पट आणि रोजची उपस्थिती यांतही फार तफावत नको. पटावर 45 आणि रोज हजर 18 असेल, तर सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) मॅडम पहिला प्रश्न तोच विचारतात. ऊसतोडीच्या मुलांची तात्पुरती नोंद वेळच्या वेळी केली असेल, तर नोव्हेंबर ते मार्चचे आकडे तुमच्या बाजूनं बोलतात.

पडकी खोली त्याच जागेवर असेल तर ती पाडायला निर्लेखन, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी करणं लागतं. शाखा अभियंत्यांचा धोकादायक असल्याचा दाखला, मूल्यांकन, ग्रामसभेचा ठराव, जिल्हा परिषदेची मंजुरी, मग निघालेल्या साहित्याचा लिलाव आणि रक्कम भरल्याची पावती. परस्पर पाडलेल्या खोलीचा प्रस्ताव लेखापरीक्षणात अडकतो, आणि तो निस्तरताना सरपंच बदललेला असतो.

जागेचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीच्या नावाचा नमुना 8 चा (गावातल्या मिळकतींच्या नोंदवहीचा) उतारा किंवा सातबारा. गावठाणातली मोकळी जागा सगळ्यात सोपी. गायरानाच्या नादाला लागू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2011 च्या जगपाल सिंग निकालानंतर गायरान देण्यावर कडक बंधनं आहेत आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊनही त्यात वर्ष मोडतं. कुणी गुंठा-दोन गुंठे दान देत असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्रच करा, आणि सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचं नाव लागल्याशिवाय अंदाजपत्रकाला हात घालू नका. शंभरच्या स्टॅम्पवरचं संमतिपत्र दात्याच्या मुलांच्या वाटण्या होईपर्यंतच टिकतं.

नदीकाठच्या गावांना आणखी एक कागद लागतो, पूररेषेचा. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी आणि लाल अशा दोन रेषा असतात. निळीच्या आत बांधकामाला परवानगी नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका पातळी, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. 2021 मध्ये पुन्हा तीच धावपळ. प्रत्येक गावात भिंतीवर 2019 च्या पाण्याची रेघ दाखवणारं कुणीतरी असतं. अभियंत्यांना जागा दाखवताना त्या माणसाला बरोबर घ्या आणि रेघेची उंची जागेच्या स्थळपाहणी अहवालात लिहून घ्या. जागा थोडी लांब पण उंचावर असेल तर तीच घ्या. आया दोनशे पावलं जास्त चालतील, पण पुरात पोषण आहाराची पोती उचलून पळावं लागणार नाही.

इमारत किमान 600 चौरस फुटांची लागते, म्हणजे साधारण 25 बाय 24. त्यात मुलांची बसायची खोली, वेगळं स्वयंपाकघर, साठ्याची खोली आणि मुलांच्या मापाचं शौचालय. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे याचा ठरलेला नकाशा तयार असतो. तो जसाच्या तसा घेतला की तांत्रिक मान्यता लवकर मिळते, पण तो नकाशा मुरमाच्या जमिनीसाठी काढलेला असतो. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि जोतं हलवते. म्हणून अंदाजपत्रकाच्या आधी जागेवर एक चाचणी खड्डा खणून मुरूम किती खोल लागतो ते उपअभियंत्यांना दाखवा. पाया दीड फूट जरी जास्त खोल गेला तरी खोदाई, काँक्रीट आणि सळई तिन्ही वाढतात, आणि ती वाढ तांत्रिक मान्यतेनंतर मागितली तर सुधारित अंदाजपत्रक, म्हणजे फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर.

अंदाजपत्रक एकच, पण त्याचे तीन भाग पाडून घ्या. आमचं असं होतं: पाया, जोतं, भिंती आणि स्लॅब मनरेगातून, दारं-खिडक्या, फरशी आणि वीज वित्त आयोगातून, शौचालय, स्वयंपाकघराचा ओटा, रंगकाम बालविकासच्या 2 लाखांतून. कुठलीही बाब दोन भागांत येता कामा नये, कारण तिन्हीकडची मोजमापं वेगवेगळ्या पुस्तकांत चढतात आणि एकच खिडकी दोनदा मोजली गेली तर वसुली ठरलेली. वित्त आयोगाच्या निधीत बंधित 60 टक्के आणि अबंधित 40. बंधित पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठीच. पाण्याची टाकी, नळजोडणी आणि छतावरच्या पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण बंधितमधून करता येतं, म्हणजे अबंधितचे 2 लाख इमारतीला मोकळे राहतात. अंगणवाडीच्या शौचालयासाठी 36 हजार आणि पिण्याच्या पाण्यासाठी 17 हजार असा बालविकासचा वेगळा निकषही आहे. तो घेतला तर तीच बाब दुसऱ्या कुठल्या पैशात दाखवू नका. आणि 12 लाखांत कंपाउंडची भिंत बसत नाही, हे आधीच मान्य करा. ती ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातल्या महिला व बालकल्याणाच्या 10 टक्क्यांतून, टप्प्याटप्प्यानं.

वित्त आयोगाचं काम गावाच्या विकास आराखड्यात, ई-ग्रामस्वराज पोर्टलवर, अंदाजपत्रकातल्याच नावानं असावं लागतं. मनरेगाच्या कृती आराखड्यातही तेच नाव. एकीकडे 'अंगणवाडी इमारत बांधणे' आणि दुसरीकडे 'अंगणवाडी क्र. 2 खोली' असं झालं, तर ही दोन वेगळी कामं नाहीत हे सिद्ध करायला तुम्हालाच दाखला आणावा लागतो. भाऊसाहेबांना (ग्रामसेवकांना) दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचायला सांगा.

आता खरं दुखणं, 60:40. मनरेगात अकुशल मजुरी 60 टक्के आणि साहित्य 40 टक्के हवं, आणि गवंड्याची कुशल मजुरीही साहित्यातच धरतात. इमारतीचं काम याच्या अगदी उलटं असतं. समजा 8 लाखांपैकी अकुशल मजुरी 1 लाख 60 हजार निघाली, तर साहित्य 6 लाख 40 हजार. एवढं साहित्य 40 टक्क्यांत बसवायला मजुरी 9 लाख 60 हजार पाहिजे. म्हणजे 8 लाखांची नुसती मजुरी दुसऱ्या कामांतून उभी करायची. 2024-25 ला महाराष्ट्रात मनरेगाचा दर दिवसाला 297 रुपये होता. 8 लाख भागिले 297 म्हणजे सुमारे 2,700 मनुष्यदिवस. हिशेब वरच्या पातळीवर एकत्र होत असला, तरी पंचायत समिती तो प्रत्येक गावाला विचारते आणि ज्या गावाचं प्रमाण बिघडलंय त्याचं नवं इमारतीचं काम पुढं ढकलते.

ऊस, द्राक्ष आणि हळदीच्या पट्ट्यात 297 रुपयांवर माणूस येत नाही, बाहेर त्याहून बरीच जास्त हजेरी मिळते. मग मजुरी कुठून आणायची? ज्या कामात लाभार्थी स्वतःच्या रानात स्वतः राबतो ती कामं: बांधावरची फळझाडं, बांधबंदिस्ती, शोषखड्डे, वृक्षलागवड आणि तिची पुढच्या वर्षांची निगा. वृक्षलागवडीच्या निगेत जवळजवळ सगळी मजुरीच असते आणि ती वर्षभर हळूहळू चढत राहते. सिंचन विहिरी आणि गोठे मागणारे खूप, पण त्यांतही साहित्य बरंच; ते जास्त घेतले तर अंगणवाडीचं प्रमाण त्यांनीच खाल्लं म्हणून समजा. ग्रामसभेत याच्यावर भांडणं होतात. ज्या वर्षी अंगणवाडी घ्यायची त्या वर्षी गोठे कमी, हे सरपंचांनी आधीच सांगून टाकलेलं बरं.

मस्टरचं (मजुरांच्या हजेरीपटाचं) तंत्र ग्रामरोजगार सेवकाच्या हातात असतं. कामाची मागणी नमुना 4 वर, मग ई-मस्टर, मग मोबाइलवर एनएमएमएस या हजेरीच्या ॲपमध्ये हजेरी आणि दिवसातून दोन फोटो. 1 जानेवारी 2024 पासून मजुरी आधारजोडणीवरच जमा होते, त्यामुळे बँकेत आधार जोडलं नसलेल्या मजुराची हजेरी लागते, पण पैसे परत जातात आणि पुढच्या आठवड्यात तो येत नाही. मस्टर काढायच्या आधी सगळ्यांची आधारजोडणी तपासा. कामाआधी, चालू असताना आणि पूर्ण झाल्यावर असे तीन जिओटॅग फोटो लागतात. पहिला फोटो मोकळ्या जागेचा हवा. खड्डे खणून झाल्यावर 'कामाआधी'चा फोटो काढला तर मनरेगाच्या वेबसाइटवर ते स्वच्छ दिसतं. ठेकेदार नाही, आणि मजुरांचं काम हिरावणारं यंत्रही नाही. जेसीबीच्या बादलीच्या दातांच्या खुणा फोटोत कळतात.

खोदाई जानेवारी ते एप्रिलमध्ये करा. दीड मीटर चौरस आणि 1.8 मीटर खोल असे नऊ खड्डे म्हणजे साडेछत्तीस घनमीटर माती. वाळलेली काळी माती पहारीला दाद देत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी आखणीवर पाणी सोडायचं. खड्डा तळाला लागला की त्याच दिवशी कोबा टाकायचा. तो उघडा राहून वळवाचा पाऊस झाला, तर कडा ढासळतात, तळ मऊ होतो आणि परत अर्धा फूट काढावं लागतं. जोत्यात भर मुरमाचीच. निघालेली काळी माती जवळ पडलेली असते, ट्रॉलीचं भाडं वाचतं, म्हणून ती आत ढकलायचा मोह सगळ्यांना होतो. दोन पावसाळ्यांत फरशी पोटाला फुगते ती त्यामुळंच. 600 चौरस फुटांना दोन फूट जोतं म्हणजे 12 ब्रास (ब्रास म्हणजे 100 घनफूट) भरीव. दाबून बसतो म्हणून मुरूम 15 ब्रास धरा. सहा-सहा इंचांचा थर, पाणी, धुम्मस, मग पुढचा थर. हे काम पूर्ण मजुरीचं असल्यानं 60:40 लाही बरं.

मुरूम, खडी आणि क्रश सँडच्या रॉयल्टीच्या पावत्या पुरवठादाराकडून त्या-त्या दिवशी घ्या. पावती नसेल तर ब्रासला 600 रुपयांप्रमाणे बिलातून कापून घेतात, आणि सगळ्या कामाचं मिळून ते टोचतं. कामगार कल्याणाचा 1 टक्का उपकरही कापला जातो. पुरवठादार जीएसटी नोंदणी असलेलाच हवा, आणि दम असलेला. मनरेगाचं साहित्याचं देयक मजुरीसारखं पंधरा दिवसांत येत नाही, महिनोनमहिने थांबतं. ज्या दुकानदाराला सिमेंट आणि सळईचे पैसे पुढच्या सोमवारी लागतात, त्याचा दर कितीही कमी असला तरी तो स्लॅबच्या आदल्या दिवशी गाडी पाठवणार नाही.

स्लॅब छज्जासकट 700 चौरस फूट आणि 5 इंच जाड धरला तर सव्वाआठ घनमीटर काँक्रीट, एम 20 प्रतीला 65 ते 70 पोती सिमेंट. एवढ्या काँक्रीटला ताकद तपासायच्या ठोकळ्यांचे दोन नमुने लागतात, प्रत्येकी तीन ठोकळे, म्हणजे सहा. सात दिवसांची चाचणी हवी असेल तर त्याचे वेगळे ठोकळे भरा. ठोकळे स्लॅब ओततानाच भरायचे, आणि त्यावर तारीख खिळ्यानं कोरायची. खडूनं लिहिलेलं पाण्यात जातं. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्याचे चौदा दिवस काढायचे नाहीत. पाणी मारायला मजूर मस्टरवर ठेवा, पीपीसी सिमेंटला किमान दहा दिवस.

आतली मापं मात्र नकाशावर सोडू नका, सेविकाताईंना जागेवर उभं करून ठरवा. गवंडी सवयीनं घरासारखं बांधतो. बेसिन अडीच फुटांवर बसवलं की तीन वर्षांचं मूल हात धुवायला बाहेरच्या नळावर जातं. ते दीड फुटांच्या आसपास पाहिजे. शौचालयाचं भांडं लहान मुलांचं मागवावं लागतं, हार्डवेअरवाल्याकडे नेहमी तयार नसतं, म्हणून आधी सांगून ठेवा. खिडकीच्या गजांत चार इंचांपेक्षा कमी अंतर. वीजबटणं पाच फुटांवर. फळा जमिनीपासूनच सुरू व्हावा आणि तीन फुटांवर संपावा, म्हणजे मुलांना लिहिता येईल. सिलिंडर बाहेर जाळीत, नळी भिंतीतून आत. साठ्याच्या खोलीत जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच कडप्प्याची फळी टाका आणि दाराखाली पत्रा मारा. टीएचआरच्या पुड्यांना ओल आणि उंदीर दोन्ही लागतात. दारासमोर पायऱ्यांबरोबर उतार हवा, फूटभर उंचीला बारा फूट लांबी या प्रमाणात. दोन फूट जोत्याला तो 24 फूट लांब होतो आणि अंगणात मावत नाही, म्हणून एक वळण घेऊन आखून ठेवा. सगळं झाल्यावर आठवलं तर तो घसरगुंडीसारखा उभा होतो आणि कुणी वापरत नाही.

बालविकासचे 2 लाख मागायला मनरेगा आणि वित्त आयोग दोन्हींच्या मोजमापांच्या नकला, फोटो आणि आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र लागतं. हे कागद फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात प्रकल्प कार्यालयात पोचलेले असावेत. मार्चमध्ये सगळ्या ग्रामपंचायती तिथंच उभ्या असतात.

ताबा देताना पूर्णत्वाचा दाखला, नमुना 8 ला इमारतीची नोंद आणि पोषण ट्रॅकरवर 'स्वतःची इमारत' अशी दुरुस्ती, तिन्ही एकाच आठवड्यात उरका. नाहीतर पुढच्या वर्षी दुरुस्तीचा निधी आला की तुमचं केंद्र यादीत शाळेच्या खोलीतच दिसतं. वीजजोडणीचा अर्ज महावितरणला सार्वजनिक सेवा या वर्गात करा, आणि मीटर ग्रामपंचायतीच्या नावानं घ्या. सेविकेच्या नावानं घेतलेलं मीटर ती निवृत्त झाली तरी तिच्याच नावावर राहतं, आणि थकबाकीची नोटीस तिच्या घरी जाते.